नागझिऱ्यात बसून हिमनदीचा अभ्यास कसा करावा

हिमालयात जायला पैसे नाहीत, गुडघे साथ देत नाहीत, घरचे सोडत नाहीत. पण जगातला बर्फ वितळत चालल्याचं वाचून झोप मात्र उडते, अशा होतकरू अभ्यासकांसाठी ही मार्गदर्शिका आहे. प्रशिक्षणाचं ठिकाण म्हणून आम्ही गोंदिया जिल्ह्यातलं नागझिरा निवडलं आहे. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो. इथल्या बहुतेकांनी पाहिलेला सर्वांत मोठा हिमखंड म्हणजे लग्नात सरबताच्या पिंपात सोडलेली लादी. साहजिकच हिमनदीविषयी कसलेही पूर्वग्रह नाहीत, आणि शास्त्राला असाच विद्यार्थी लागतो.

साकोलीहून, तिरोड्याहून किंवा गोंदियाहून यावं. पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी अशी फाटकं आहेत. १९७० साली हे अभयारण्य झालं आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात गेलं, त्यामुळे फाटकावर सगळे वाघाचंच विचारतात. "काय पाहाचं आहे जी?" असं गाइडने विचारलं की "हिमनदी" असं खरं उत्तर देऊ नये. गाइड भला माणूस असतो. पाहुणा नाराज होऊ नये म्हणून तो "कालच दिसली होती, तळ्याच्या बाजूले" असं सांगेल आणि तुमची सकाळ त्यात जाईल.

आत गेल्यावर कशालाही हात लावू नका. हिमनदीच्या अभ्यासात भोकं पाडणं, खुंट्या रोवणं, दगड उचलणं असली कामं फार, आणि अभयारण्यात असलं काही केलंत तर वनविभाग तुमचाच अभ्यास सुरू करील. म्हणून प्रात्यक्षिकं गोंदिया गावात करायची, सहल चंद्रपूरला न्यायची, आणि नागझिऱ्यात फक्त न हलता बसायला आणि मोजायला शिकायचं. त्यासाठी बुद्धपौर्णिमेच्या रात्रीची मचाण उत्तम. पाणवठ्यावर कोण आलं, किती वाजता आलं, याची रात्रभर नोंद करायची असते. पहाटेपर्यंत वहीत चार चितळ, एक रानडुक्कर आणि असंख्य डास जमा होतात, आणि 'कोणी आलं नाही' हीसुद्धा नोंदच असते हे अंगात मुरतं. किरण पुरंदरे या जंगलात ४०० दिवस राहिले, मग त्यांनी 'सखा नागझिरा' लिहिलं. हिमनदीवाल्यांच्या हिशोबात ४०० दिवस म्हणजे प्रस्तावनासुद्धा नाही. जगभरच्या हिमनद्यांची नोंद ठेवणारी संस्था जिला 'संदर्भ हिमनदी' मानते, तिची सलग मोजणी ३० वर्षांहून जास्त असावी लागते.

शाळेतलं थोडं विसरा

शाळेच्या भूगोलात हिमनदीच्या कार्यावर धडा असतो. हिमगव्हर, मेषशिला, पार्श्व हिमोढ, मध्य हिमोढ, अंत्य हिमोढ. फ्रीजरबाहेरचा बर्फ कधी न पाहिलेल्या लाखो मराठी मुलांनी हे सगळं आकृतीसह पाच गुणांना लिहिलं आहे. हिमनदीने डोंगराचं काय केलं ते त्या धड्यात सगळं सापडतं. हिमनदीचं काय झालं, हे विचारणारा प्रश्न मात्र पेपरात येत नसे.

आता नव्याने शिका. हिमनदी म्हणजे साठलेला नव्हे, वाहणारा बर्फ. वर डोंगरात हिम पडतं, थरावर थर बसून दबतं, घट्ट बर्फ होतं, स्वतःच्याच वजनाने खाली सरकतं आणि खालच्या उबदार हवेत वितळून जातं. वरच्या अंगाला जमा, खालच्या अंगाला खर्च. मधे एके ठिकाणी वर्षभराचा जमाखर्च बरोबर शून्यावर येतो. तिथून आडवी रेघ काढली की ती समतोल रेषा. हवा तापली की ही रेषा डोंगर चढू लागते. जमेचा भाग आक्रसतो, खर्चाचा पसरतो, आणि अभ्यासक धापा टाकत रेषेमागे चढत राहतात.

पण हा तोटा हिमनदीच्या टोकाला लगेच दिसत नाही, आणि नवशिके फसतात ते इथेच. टोक मागे सरकलेलं पाहणं सोपं, म्हणून वर्तमानपत्रात तेच छापून येतं: एक जुना फोटो, एक नवा फोटो, मधे बाण. गंगोत्रीसारखी ३० किलोमीटर लांबीची हिमनदी घ्या. वर झालेल्या तोट्याची बातमी बर्फाच्या चालीने टोकाशी, गोमुखापर्यंत, पोचायला दशकं लागतात. म्हणजे आज गोमुखाशी जे दिसतं, त्यात बराच भाग आपल्या वडिलांच्या काळच्या हवामानाचा. आपल्याकडे कोहळ्यांनी बांधलेले मालगुजारी तलाव आहेत. सांडव्यावरून पाणी पडतंय एवढं पाहून कोणी कोहळी तलावाचा हिशोब सांगणार नाही. तो पाळीवर चढून तलावाचं पोट पाहील. हिमनदीचंही पोटच पाहायचं असतं.

बांबू

हे पोट पाहण्याचं यंत्र ऐकून झाडीपट्टीच्या माणसाला गहिवरून येईल. ते यंत्र म्हणजे बांबू. हिमाचल प्रदेशात लाहौल-स्पितीत छोटा शिग्री नावाची साधारण ९ किलोमीटर लांबीची हिमनदी आहे. २००२ पासून तिचा जमाखर्च दरवर्षी मांडला जातो. वाफेच्या गिरमिटाने बर्फात खोल भोक पाडतात, त्यात बांबूचे तुकडे एकाखाली एक जोडून सोडतात, आणि उन्हाळा संपल्यावर परत येऊन किती बांबू उघडा पडला ते टेपने मोजतात. बर्फ पाण्याच्या साधारण ९० टक्के जड. दोन मीटर बांबू उघडा पडला, तर त्या जागेवरून १.८ मीटर उंचीचं पाणी वाहून गेलं असं लिहायचं. वरच्या अंगाला खड्डे खणून नव्या हिमाची जाडी आणि घनता मोजायची, मग सगळ्याची बेरीज-वजाबाकी. छोटा शिग्री सरासरीने दरवर्षी सुमारे अर्धा मीटर पाण्याइतकी पातळ होत आली आहे. उपग्रहांच्या जमान्यातही हा बांबू निवृत्त झालेला नाही, कारण वरून दिसलेलं खरं की खोटं हे शेवटी त्यालाच विचारावं लागतं.

हिमालयात जाणाऱ्या प्रत्येक चमूत एक बुरूड असावा असं आमचं जुनं मत आहे. ते अजून कोणी विचारात घेतलेलं नाही.

लाद्यांचं प्रात्यक्षिक

गोंदिया हे राईस मिलांचं गाव, त्यामुळे पुढच्या प्रयोगाला लागणारं धानाचं तूस इथे मागाल तितकं मिळतं. बर्फाच्या कारखान्यातून सारख्या आकाराच्या तीन लाद्या आणा आणि भर दुपारी उन्हात मांडा. पहिली उघडी ठेवा. दुसरीवर चुलीची काजळी चाळणीतून अगदी विरळ भुरभुरवा. तिसरी वीतभर तुसाखाली झाकून टाका. शेजारी गोळेवाला उभा असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा की हे शास्त्र आहे. त्याला पटणार नाही, पण भांडण टळेल.

सर्वांत आधी काजळीची लादी जाते, सर्वांत शेवटी तुसातली. ताजं हिम अंगावर पडलेल्या प्रकाशातला ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतं. काळं काही पडलं की ते ऊन पिऊ लागतं. गंगेच्या मैदानातल्या चुली, वीटभट्ट्या, डिझेल आणि शेतातला जाळ यांची काजळी वाऱ्याबरोबर हिमालयावर जाऊन बसते ती याच गुणाची. थर जाड झाला मात्र की खेळ उलटतो. नॉर्वेचे गुन्नार ऑस्त्रेम यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं, की हिमनदीवर दगडमातीचा पातळ थर असेल तर बर्फ जास्त वितळतो, आणि थर काही सेंटिमीटरच्या वर गेला की उलट झाकला जाऊन वाचतो. हिमालयातल्या बऱ्याच हिमनद्यांच्या खालच्या अंगावर असा दगडगोट्यांचा ढीग असतो. त्यामुळे त्यांचं टोक जागच्या जागी राहतं, अभ्यागत फोटो काढून "सगळं ठीक आहे" म्हणत परततात, आणि आतून हिमनदी मुकाट्याने बारीक होत जाते. दगडांच्या मधे वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात, डबक्यांच्या उघड्या बर्फाच्या भिंती आणखी झपाट्याने वितळतात. तुसाची लादी उचलून खालून पाहिलीत तर हा प्रकार लहान प्रमाणात दिसेल.

उरलेल्या बर्फाचं काय करायचं ते गोळेवाल्याला ठरवू द्या. काजळीवाला मात्र देऊ नका.

इरईची सहल

आता मुख्य अभ्यास. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी पकडा. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, मूल करत ती चांदा फोर्टला आणून सोडते. चंद्रपुरात ऑटोवाल्याला नुसतं "इरई" म्हणू नका; तो सरळ इरई नदीवर किंवा इरई धरणावर नेईल. आपल्याला हवं ते इरई गाव शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, नैर्ऋत्येच्या बाजूला, पैनगंगेच्या काठी आहे. वर्धा आणि पैनगंगा जिथे मिळतात, त्याच्या थोडं अलीकडे. नदीला पाणी कमी असतानाच जावं, नाहीतर अभ्यासाची वस्तू पाण्याखाली आणि अभ्यासक काठावर अशी अवस्था होते.

पात्रात चुनखडीचा फार जुना कातळ उघडा पडलेला आहे. त्याच्या पाठीवर घासून आलेली झिलई दिसते आणि त्या झिलईवर सरळ, एकमेकांना समांतर ओरखडे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्रान्सिस फेडन यांनी ते हेरले आणि १८७५ मध्ये सर्वेक्षणाच्या नियतकालिकात लिहिलं. हे ओरखडे नदीने काढलेले नाहीत. पाणी कातळ गुळगुळीत करतं, रांजणखळगे पाडतं, पण पट्टी लावल्यासारखी रेघ ओढत नाही. रेघ ओढायला तळाशी दगड गोठवून धरलेला बर्फ लागतो, वर शेकडो मीटर बर्फाचं वजन लागतं, आणि ते सगळं एका दिशेने सरकावं लागतं. थोडक्यात, चंद्रपूर जिल्ह्यात, जिथल्या उन्हाळ्याची बातमी देशभर जाते तिथे, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हिमनदी चालत होती.

पटत नसेल तर कातळावर बसलेला थर पाहा. हिरवट मातीत लहान-मोठे दगड कसेही खुपसलेले. नदी आपला माल निवडून ठेवते, गोटे एकीकडे, वाळू दुसरीकडे, गाळ तिसरीकडे. बर्फ मात्र हरभऱ्याएवढा खडा आणि बैलाएवढी शिळा एकाच मातीत टाकून निघून जातो. शिवाय नदीतला दगड गोल होतो. बर्फाखाली घासत आलेल्या दगडाची एखादी बाजू सपाट झालेली असते, आणि नीट पाहिलं तर तिच्यावरही ओरखडे सापडतात. भिंग आणलं असेल तर ते याच कामासाठी. दगड पाहून झाला की जागेवर ठेवा. कातळावर आपलं नाव आणि शेजारी बदाम कोरण्याचा मोह होईल. एवढ्या जुन्या हस्ताक्षराशेजारी आपलं किती बरं दिसेल याचा विचार करून तो आवरा.

असला थर सगळ्यात आधी ओडिशात तालचेरला ओळखला गेला. १८५६ साली दोन ब्लॅनफर्ड बंधू आणि विल्यम थिओबाल्ड यांनी त्याचं वर्णन केलं आणि हे बर्फाचं काम असावं असं लिहिलं. हे तिघं ओडिशाच्या उन्हात घाम पुसत कर्कवृत्ताच्या खाली बर्फ होता असं म्हणत होते, हे ध्यानात घ्या. आल्प्समधल्या हिमनद्या एके काळी युरोपभर पसरल्या होत्या हे लुई आगासी यांनी मांडून तेव्हा वीसएक वर्षंही झाली नव्हती, आणि थंड देशातल्या लोकांनाही ते पुरतं पचलेलं नव्हतं. पुढे असेच थर आणि ओरखडे दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत सापडत गेले आणि कोडं आणखी वाढलं: विषुववृत्ताच्या अल्याडपल्याड बर्फ, आणि तोही समुद्रसपाटीला?

कोडं सुटलं ते बर्फ हलवून नव्हे, जमीन हलवून. आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये खंडवहनाचं पुस्तक काढलं. हे सगळे तुकडे दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र आणून ठेवा, मग बर्फाचे डाग आपोआप एका जागी जुळतात, असा त्याचा युक्तिवाद. आपला विदर्भ तेव्हा अंटार्क्टिकाच्या शेजारी होता. त्या जोडखंडाला गोंडवाना म्हणतात आणि ते नाव गोंडांच्या मुलखावरून आलेलं आहे. म्हणजे शास्त्राच्या दफ्तरी अंटार्क्टिका आपल्या हद्दीत पडतो. तिथल्या पेंग्विनांना कोणी कळवलेलं नाही एवढंच. वेगेनर हयात असताना भूशास्त्रज्ञांनी त्याला फारसं मनावर घेतलं नाही. ग्रीनलंडच्या हिमचादरीवर मोहीम घेऊन गेलेला असताना, १ नोव्हेंबर १९३० रोजी, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, तो मधल्या तळावरून किनाऱ्याकडे निघाला आणि पोचला नाही. इरईच्या कातळाशी ही गोष्ट सहलीतल्या मुलांना सांगावी. वाघाशी काढलेल्या सेल्फीपेक्षा ती जास्त दिवस लक्षात राहते असं आमचं मत आहे.

परतीच्या गाडीत

परतताना उजव्या-डाव्या खिडकीचा वाद घालू नका, दोन्हीकडे धडा आहे. बर्फ मागे हटला तेव्हा वितळलेल्या पाण्यात हिरवट गाळ साचला. त्याच्यावर दलदली आल्या, दलदलीत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या जिभेसारख्या पानांच्या झाडांची जंगलं वाढली, गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. भारतातला ९८ टक्क्यांहून जास्त कोळसा याच गोंडवाना काळातला आहे. चंद्रपूरच्या खाणी त्यावर चालतात. चंद्रपूरचं औष्णिक वीजकेंद्र २९२० मेगावॅटचं, आणि इकडे गोंदिया जिल्ह्यात, नागझिऱ्याला जाताना जे तिरोडा लागतं तिथलं ३३०० मेगावॅटचं. कोळशातला एक किलो कार्बन जळला की सुमारे ३.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि तिथे शतकानुशतकं राहतो.

वहीत असं लिहा: बर्फ गेला, त्याच्या जागी जंगल आलं, जंगल पुरलं गेलं, कोळसा झाला, कोळसा जळतो आहे, त्याने उरलेला बर्फ जातो आहे. हे अख्खं चक्र एका पॅसेंजरच्या तिकिटात पाहायला मिळेल असा दुसरा मुलूख आम्हाला ठाऊक नाही. ही मार्गदर्शिका आम्ही पंख्याखाली बसून लिहीत आहोत. पंखा कशावर चालतो हे परीक्षेत विचारलं जाणार नाही.

इथे चाणाक्ष विद्यार्थी हात वर करतो: बर्फ तेव्हाही वितळलाच होता, मग आता एवढा आरडाओरडा कशाला? प्रश्न चांगला आहे, आणि चहाच्या टपरीवर तुम्हाला तो रोज विचारला जाईल. उत्तर वेगात आहे. अंटार्क्टिकातल्या बर्फात जुनी हवा बुडबुड्यांच्या रूपाने अडकलेली असते. तिथे खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या नळकांड्यांतून ८ लाख वर्षांची हवा मोजून झाली आहे. त्या साऱ्या काळात कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत ३०० च्या वर ठळकपणे कधी गेलेला दिसत नाही. आज तो ४२० च्या पुढे आहे, आणि २८० वरून इथवर यायला त्याला दोन-अडीच शतकं पुरली.

बर्फ पाहण्यासाठी गोवा

अंटार्क्टिकातला बर्फ हात लावायच्या अंतरावर पाहायचा असेल तर समुद्रकिनारी जावं लागतं. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र गोव्यात वास्कोला आहे, आणि तिथल्या शीतगृहात अंटार्क्टिकातून आणलेली बर्फाची नळकांडी उणे २० अंशांच्या आसपास जपून ठेवतात. बाहेर काजू आणि घाम, आत ध्रुव. हिमालयासाठी याच केंद्राने २०१६ मध्ये स्पितीत १३,५०० फुटांहून उंच 'हिमांश' नावाचं ठाणं उभारलं.

घरातून न हलता अभ्यास करायचा असेल तर उपग्रह. अनिल कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये चिनाब, पार्वती आणि बास्पा खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्यांचं १९६२ च्या नकाशांवरचं क्षेत्र आणि उपग्रहचित्रांतलं क्षेत्र ताडून पाहिलं. २०७७ चौरस किलोमीटरचे १६२८ उरले होते. २१ टक्के गेले. 'ग्रेस' नावाची उपग्रहांची जोडी २००२ पासून फिरू लागली, तिने तर छायाचित्रंही काढली नाहीत. दोघे एकामागोमाग उडत आपल्यातलं अंतर मोजत राहिले. खाली वस्तुमान जास्त असेल तिथे पुढचा आधी ओढला जातो, मग मागचा. त्या अंतराच्या चढउतारावरून खालच्या बर्फाचं वजन कळतं. ग्रीनलंड वर्षाला सरासरी २७० अब्ज टनांच्या आसपास बर्फ गमावतं हे असं समजलं.

आकडा लिहिताना हात सांभाळा. हवामानबदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात असं छापून आलं. मुळात एका रशियन तज्ज्ञाच्या १९९६ च्या लेखनात २३५० हे साल होतं. जानेवारी २०१० मध्ये समितीने दिलगिरी व्यक्त केली. तोवर टपऱ्या-टपऱ्यांवर 'सगळंच थोतांड' हा निकाल लागून गेला होता, आणि तो बदलायला दिलगिरी पुरली नाही. दुसऱ्याचा आकडा मूळ कागद न पाहता उतरवायचा नाही, हे आम्ही प्रत्येक तुकडीला सांगतो. प्रत्येक तुकडी मान डोलावते.

नेहमीचे प्रश्न

हिमनद्या गेल्या तर वैनगंगा आटेल का? नाही. वैनगंगा पावसावर जगते, तिच्या उगमाशी बर्फाचा कणही नाही. गंगा, यमुना, सिंधू यांचा प्रश्न वेगळा, आणि त्यातही सिंधूचा सर्वांत गंभीर. कोणी तुम्हाला 'हिमनग वितळल्याने धानाचं नुकसान' असं सांगितलं तर त्याला बसवा आणि चहा पाजा, पण दुजोरा देऊ नका.

समुद्र गोंदियापर्यंत येईल का? जगातला सगळा बर्फ वितळला, आणि त्याला हजारो वर्षं लागतील, तर समुद्र साधारण ६५ मीटर चढेल. गोंदिया ३०० मीटरवर आहे. मुंबईला एवढा अवकाश मिळणार नाही. तिला एक मीटरही पुष्कळ झाला. त्यात निसर्गाचा एक विक्षिप्तपणा असा, की ग्रीनलंडचा बर्फ वितळला की ग्रीनलंडच्या आसपासचा समुद्र खाली जातो. तो एवढा मोठा बर्फ गुरुत्वाने पाणी आपल्याकडे ओढून धरत असतो, तो सैल पडला की पाणी दूरच्या किनाऱ्यांकडे सरकतं. दूरचे किनारे म्हणजे आपले. कोकणातल्या नातेवाइकांशी संबंध चांगले ठेवा, ते इकडे येतील तेव्हा प्लॉटचे भाव विचारतील.

हिमनदी मेली तर सुतक असतं का? पायंडा पडतो आहे. आइसलंडमध्ये ओक नावाच्या हिमनदीसाठी ऑगस्ट २०१९ मध्ये स्मृतिफलक बसवला. मे २०२५ मध्ये नेपाळात लांगटांग भागातल्या याला हिमनदीसाठी शोकसभा झाली, बौद्ध भिक्खू आले होते. इरईच्या हिमनदीचा दशक्रिया विधी राहूनच गेला आहे. पण तिथे आता मुहूर्त काढणार कोण?

पुढे काय करावं

अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांनी गोव्याच्या केंद्राच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली होती. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत पहिल्यांदा दोन भारतीय स्त्रिया गेल्या, भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरवैज्ञानिक अदिती पंत. अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा, त्यामुळे विदर्भातलं ऊन आणि ध्रुवावरची थंडी यांचं जमत नाही ही सबब चालणार नाही. निवड झाली की वैद्यकीय तपासणी होते, मग उत्तराखंडात औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे बर्फावर चालायचं, दोरीने उतरायचं प्रशिक्षण मिळतं. तिथे बांबू कसा धरावा हे तुम्हाला कोणी शिकवावं लागणार नाही, थंडीत नाक कसं पुसावं हे लागेल.

अर्जात बर्फाळ प्रदेशातल्या अनुभवाचा एक रकाना असतो. तिथे 'जिल्हा चंद्रपूर, ३० कोटी वर्षे' असं लिहायचा मोह आमच्या सर्वच विद्यार्थ्यांना होतो. तसं लिहू नये. रकान्यात महिने विचारलेले असतात.